टायफॉइडचा परिच्छेद

सव्वीस फेब्रुवारी. काम : कपाटाच्या खालच्या खणातले जुने फॉर्म फाडणे.

फाडणेच, रद्दीत देणे नव्हे. अकोल्याच्या शाखेत असताना एकदा दुपारी कचोरी मागवली होती. कचोरीखालच्या कागदावर आमच्याच एका विद्यार्थ्याची तिसऱ्या सत्राची गुणपत्रिका निघाली. दोन विषयांत नापास आणि नावावर हिरव्या चटणीचा डाग. तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्म हाताने फाडते. नाव एका तुकड्यात आणि गुण दुसऱ्या तुकड्यात जातील, असा फाडते.

हे काम दरवर्षी मे महिन्यात निघतं. यंदा फेब्रुवारीतच काढलं, कारण मला काहीतरी फाडायचं होतं. समोरच्या खुर्चीवर नांदगाव खंडेश्वरची प्रणिता बसली होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नागपूरच्या एका संस्थेत तिची मुलाखत होती. हातात उरलेली ती एकच. तिच्या फॉर्मवर माझ्या हातचं खोटं होतं, आणि फॉर्म आता बदलता येत नव्हता.

एकोणीस वर्षं मी एमबीएच्या प्रवेशाचे फॉर्म भरून देते. आठ वर्षं अकोल्यात, पुढची अमरावतीत, कोचिंग क्लास एकच. गणित आणि इंग्रजी शिकवणारे वेगळे, त्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर असतात. माझ्याकडे मुलं येतात ती प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यावर. त्यातही पदवीला मार खाल्लेली जास्त. पोरं मला 'फॉर्मवाल्या मॅडम' म्हणतात. नाव ठाऊक असलेले थोडेच.

परीक्षेत भरघोस पर्सेंटाइल आलं की मोठ्या संस्था आपोआप बोलावतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसं नसतं. बहुतेक संस्था एक सूत्र लावतात. परीक्षेचे गुण, दहावी, बारावी, पदवी, नोकरीचा अनुभव, प्रत्येकाला थोडं थोडं वजन, आणि बेरजेवर मुलाखतीचं बोलावणं. यातली प्रवेश परीक्षा पुन्हा देता येते. पदवी पुन्हा करता येत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी दोन सत्रं बिघडली की ती गळ्यात पडतात ती कायमची. कुठली संस्था पदवीला किती धरते, कुठली धरतच नाही, कुठे निदान पन्नास टक्के लागतात, हे शोधून मुलाला योग्य दारापर्यंत नेणं हे माझं काम. ते मला चांगलं येतं. सांगायला लाजत नाही.

त्या सूत्राची मात्र मला चीड आहे. खोलीत एसी आणि घरी शिकवणी असलेल्या मुलाचे पदवीला दहापैकी साडेआठ, आणि शेतातून येऊन ओल्या चपलांनी प्रात्यक्षिकाला उभ्या राहिलेल्या मुलीचे पाच पॉइंट आठ, दोन्ही एकाच रकान्यात. त्यावर सूत्र म्हणतं, आम्ही सर्वांना समान वागवतो.

लोकांनाही हे पचत नाही. ते आपापल्या धंद्याच्या रीतीने तोड काढतात. अकोल्याचे एक धान्याचे अडते मुलाला घेऊन आले होते. मुलाला पदवीला बावन्न टक्के, आणि त्यांना हव्या असलेल्या संस्थेची अट पंचावन्नची.

"बाई, पंचावन लिवा," ते म्हणाले. "तीन टक्क्यानं काय होते? आमी तं मालात ओलावाच त्याच्यापेक्षा जास्त धरतो."

"काका, हे तुरीचं पोतं नाही."

"तुरीचं असतं तं तुमच्याकडं कायले आलो असतो?"

मुलगा मान खाली घालून हसत होता. मी टक्के वाढवले नाहीत. पदवीची अट सैल असलेली संस्था शोधून दिली, आणि आज तो एका बियाणे कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. दुसऱ्या एकाने घरीच सीजीपीएला दहाने गुणून टक्के लिहिले. विद्यापीठाचं सूत्र वेगळं होतं, त्या सूत्राने खरे टक्के कमी निघाले. मिळालेला प्रवेश कागदपत्रांच्या तपासणीत गेला. त्या दिवसापासून आकड्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. आकड्यांत मी एकदाही खोटं केलेलं नाही, आणि याच्या जोरावर मी स्वतःला प्रामाणिक समजत होते.

खोटं शिरलं ते शब्दांत. फॉर्ममध्ये एक चौकोन असतो. शैक्षणिक कामगिरीत कुठे घसरण असेल तर कारण द्या, अशी तिथे सूचना असते. आमच्या धंद्याचं सगळं मर्म त्या चौकोनात आहे.

अकोल्यात इम्रान नावाचा मुलगा आला होता. वडील गाद्या भरायचे. चौथ्या सत्रात त्याला टायफॉइड झाला, बरा झाला आणि उलटला. दोन महिने खाटेवर. तो माझ्यासमोर बसून बोलत गेला आणि मी लिहीत गेले. मध्येच तो म्हणाला, "मॅडम, क्लास के बेंच पर बैठना भी नसीब की बात है, ये खाट पे लेटे लेटे समझा." मी ते वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं उतरवलं. त्याला प्रवेश मिळाला. मुलाखत घेणाऱ्यांनी त्या वाक्याचं कौतुक केलं, असं त्याने पेढे देताना सांगितलं.

आमच्या क्लासचे मालक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, त्यांनी तो परिच्छेद वाचला. "मॅडम, हे चालतंय," ते म्हणाले. "जपून ठेवा."

मी जपून ठेवला. पुढच्या वर्षी एका मुलाकडे काहीच कारण नव्हतं. तो नुसता क्रिकेट खेळला होता. त्याला मी इम्रानचा टायफॉइड दिला, वाक्य थोडं फिरवून. मग आणखी एकाला. हळूहळू एक फाइलच झाली : टायफॉइड, वडिलांची बायपास, आजीचं निधन. पोरं यायची, मी चष्म्यावरून बघायची आणि ठरवायची, याला टायफॉइड, हिला बायपास. केमिस्टने पट्टीतून गोळी कापून द्यावी तसं. एका गरीब मुलाने खरोखर भोगलेलं दुखणं मी अकरा वर्षं वाटत होते. त्याला विचारलंसुद्धा नाही.

आता प्रणिता.

चोवीस वर्षांची. घरी झेंडू आणि शेवंती. अकोल्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं, सीजीपीए पाच पॉइंट आठ, तिसऱ्या सत्रात दोन विषय राहिलेले. प्रवेश परीक्षेत मात्र अशी चमकली की सरांनी तिचा फोटो फ्लेक्सवर लावला. पहिल्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिसऱ्या सत्रात काय झालं?

तिने सरळ सांगितलं. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर गावातले सगळे एकाच दिवशी फुलं तोडत आणि अमरावतीच्या बाजारात एकदम माल घेऊन पोचत. दुपारपर्यंत ढीग साचायचा, उरलेला तिथेच टाकून परतायचं. झेंडू काही दिवस झाडावर थांबतो, शेवंतीही थांबते. मग सगळ्यांनी एकाच दिवशी तोडा कशाला करायचा? रोज संध्याकाळी ती वसतिगृहाच्या जिन्यात बसून गावातल्या चौदा घरांना फोन करायची. उद्या कोणाचा तोडा, कोणी थांबायचं, हे ठरवून द्यायची. सगळं एका वहीत लिहिलेलं. आधी लोक हसले, मग भांडले, मग ऐकायला लागले. दसरा, दिवाळी आणि पुढची लग्नसराई तिने अशीच काढली. सत्र गेलं.

एमबीएला बसणाऱ्या हजार पोरांपैकी नऊशे जण संघटन, नियोजन, नेतृत्व हे शब्द पाठ करून जातात. ही त्यातलं सगळं एकोणिसाव्या वर्षी जिन्यात बसून करून आली होती. आणि मी काय म्हणाले?

"हे नको लिहू. फुलं विकत होती, अभ्यासाकडे लक्ष नव्हतं, असं दिसेल. टायफॉइड लिहू."

ती म्हणाली, "पण मॅडम, मले टायफॉइड झाला नाही."

"कोणी विचारत नाही," मी म्हणाले.

ही चूक पुण्या-मुंबईच्या माणसाने केली नसती. त्याने ती चौदा घरं मोठ्या अक्षरांत लिहिली असती. आम्ही इकडची माणसं शेतातलं काम लपवतो. मुलगी आजारी होती म्हटलं की सगळे हळहळतात. मुलगी फुलं तोडत होती म्हटलं की विचारतात, मग शिकायला कशाला पाठवली? माझे स्वतःचे वडील भाजी घेऊन बाजारात बसायचे आणि शाळेच्या फॉर्मवर 'व्यापार' लिहायचे. ते मी उचललं आणि एकोणीस वर्षं फॉर्म भरण्याची पद्धत म्हणून चालवलं.

पंचवीस फेब्रुवारीला तिची पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीतून उतरून ती थेट ऑफिसात आली. पाठीवरची पिशवीही काढली नाही.

"मॅडम, अमरावतीत टायफॉइडची साथ आली व्हती काय, असं इचारलं त्यायनं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"त्यायच्यापाशी तीन फॉर्म व्हते. आपल्याच क्लासचे. तिन्हीत थेच वाक्य. बाकावर बसाले भेटणं नशिबाची गोष्ट हाये. साहेबानं तिन्ही येकामागं येक वाचून दाखवले."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? म्या म्हटलं, सर, मले टायफॉइड झाला नाही. थे म्हणे, मग लिवलं काहून? म्या म्हटलं, क्लासच्या मॅडमनं लिहून देलं. तिघंबी हासले. सहा मिनिटांत बाहेर."

"फुलांचं सांगितलं नाहीस?"

"सांगतलं ना. थे म्हणे, आता हे कोणी लिहून देलं?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने घेतला नाही.

"मले फुलं तोडाची लाज नाही, मॅडम," ती म्हणाली. "तुमाले व्हती."

त्या वाक्याचा मला राग आला, आणि तो राग खरं ऐकल्याचा आहे हेही तेव्हाच कळलं. मी तिला बस म्हटलं, खालचा खण ओढून अर्धे फॉर्म फाडले आणि मग सरांच्या केबिनमध्ये गेले.

नागपूरच्या संस्थेच्या फॉर्मवरही तोच परिच्छेद होता. आणि त्या संस्थेत आमची आणखी सहा मुलं पुढच्या आठवड्यात त्याच परिच्छेदासकट मुलाखतीला जाणार होती. सरांना हे माझ्याआधी सुचलं.

"तिला म्हणा, टायफॉइडचं नीट पाठ करून जा," ते म्हणाले. "दवाखान्याचं नाव, औषधाचं नाव. सर्टिफिकेटची सोय मी करतो. ओळखीचे डॉक्टर आहेत, मागची तारीख टाकून देतील."

"सर, ती खोटं बोलणार नाही. पुण्यात नाही बोलली."

"मग बोलायला शिकवा. तुमचं कामच आहे ते."

एकोणीस वर्षांत माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या कोणी केली नव्हती. मी म्हणाले, उद्या मी तिच्याबरोबर नागपूरला जाते, आणि हा परिच्छेद माझा आहे, असं सहीनिशी लिहून देते.

सर खुर्चीत पुढे सरकले. "आणि ती सहा पोरं? एका पोरीसाठी सहा जणांना बुडवणार? तुमच्या चुकीचे पैसे त्यांनी भरायचे?"

हा प्रश्न खोटा नव्हता. "त्यांना आजच फोन करते," मी म्हणाले.

"नागपूरला जाणार असाल तर परत इथे येऊ नका," ते म्हणाले.

"येईन," मी म्हणाले. "फाडायचं काम अर्धं राहिलंय. कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहू द्या."

बाहेर येऊन मी खुर्ची ओढली आणि दुपारभर त्या सहा जणांना फोन केले. प्रणिता समोर बसून ऐकत होती. तिने ऐकावं, असंच मला वाटत होतं. प्रत्येकाला एकच सांगितलं : तो परिच्छेद पकडला गेला आहे, उद्या मी संस्थेला लेखी कळवते आहे, तुमच्या मुलाखतीत विचारलं तर खरं काय ते सांगा, आणि खरं काय ते आत्ता मला सांगा, आपण त्याची तयारी करू. एकाने फोन आपटला. एकीच्या आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यातला एकही शब्द मला नाकारता आला नाही. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, खरं कारण म्हणजे मी मोबाइलवर खेळत होतो, हे सांगू?" मी म्हटलं, हेच सांग, आणि सुटलास कसा तेही सांग. दोघांनी घरी विचारून सांगतो म्हटलं.

सहावा ओंकार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "पण मॅडम, मला खरंच झाला होता."

"काय?"

"टायफॉइड."

मला फोन ठेवावासा वाटला. त्याचं दुखणं खरं होतं, तरी मी त्याला त्याचे शब्द वापरू दिले नव्हते. तयार मजकूर होता, तोच चिकटवला. आता आमच्या क्लासमधल्या कोणाच्याही टायफॉइडवर कोण विश्वास ठेवणार? मी त्याला दवाखान्यातून सुटी देताना मिळालेलं कार्ड शोधायला सांगितलं. बघतो म्हणाला.

मग मी पत्र लिहिलं. अर्धं पान. परिच्छेद माझा आहे. उमेदवाराने मला वेगळी हकिकत सांगितली होती, ती लिहायला मी मनाई केली. बाकीच्या अर्जांतला तसाच मजकूरही माझाच समजावा. त्यांतल्या एकाचा आजार खरा आहे, त्याचा कागद तो स्वतः दाखवेल. खाली नाव आणि सही. टाइप केलं नाही. टाइप केलेलं माझं लिखाण त्या लोकांनी पुष्कळ वाचलं होतं.

प्रणिता जायला उठली. "तुमी कायले येता?" ती म्हणाली. "मी जातो येकटी."

"तुझ्यासाठी नाही येत. माझा कागद द्यायला येते. वही घेऊन ये."

"कोणती?"

"तोड्याची."

सकाळी सव्वासहाची बस पकडली. आदल्या संध्याकाळी ती नांदगावला जाऊन वही घेऊन आली होती आणि रात्री अमरावतीत मावशीकडे राहिली होती. मुलाखतीच्या दिवशी मी प्रवासभर मुलांना प्रश्न विचारून हैराण करते. त्या दिवशी काही विचारलं नाही.

"आज काही इचारत नाही?" ती म्हणाली.

"काय विचारू? तुला जे येतं ते मला येत नाही."

तिने पिशवी मांडीवर ओढली. मग वही उघडली आणि कोंढाळी येईपर्यंत मला शेवंतीचा तोडा शिकवला. एक घर तिचं कधीच ऐकत नव्हतं, त्यांना कसं वळवलं तेही सांगितलं. त्यांच्या सुनेला फोन करायची, सासऱ्याला नाही. मी हसले तेव्हा तीही हसली, पण लगेच तोंड फिरवलं. मला माफ केलेलं नव्हतं. बरोबरच होतं.

संस्थेच्या स्वागत कक्षातल्या माणसाने विचारलं, "पालक का?"

"नाही. हे पत्र मुलाखत समितीला द्यायचं आहे."

"बाहेरच्यांचं पत्र घेत नाही."

"घेऊ नका. आवक शिक्का मारा, क्रमांक टाका, मग पाहिजे तर फेकून द्या."

त्याने वैतागून शिक्का मारला. ऑफिसात आयुष्य गेलेल्या बाईला एवढं कळतं की शिक्का आणि क्रमांक बसलेला कागद फेकायची हिंमत कुठल्या कारकुनात नसते. पाच मिनिटांत शिपाई पत्र घेऊन आत गेला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी प्रणिताचं नाव पुकारलं. वही छातीशी धरून ती आत गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. सहा मिनिटं झाली. मी दाराकडे बघितलं, दार बंद. दहा झाली. पंधरा झाली. विसाव्या मिनिटाला आतून कोणीतरी मोठ्याने हसलं. मी उठून उभी राहिले. मग प्रणिताचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण ती थांबत नव्हती, आणि मध्ये दुसरं कोणी बोलत नव्हतं.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि ओंकारला फोन लावला.

"कार्ड सापडलं?"

"नाही, मॅडम. आई शोधून राहिली."

"कुठे शोधते?"

"कपाटात."

"कपाटात नसतं रे ते," मी म्हणाले. "रेशन कार्डाच्या पिशवीत बघायला सांग. मी फोन चालू ठेवते."